एका जिन्यात किती जग मावतं?

१०,१०१. आहेराच्या पाकिटावर किंवा गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर शोभावा असा हा आकडा. बार्सिलोनात मात्र जून २०२४ पासून तो भांडणाचा आकडा आहे. पर्यटकांना चार-दोन रात्रींसाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेले फ्लॅट त्या शहरात इतके आहेत. महापौर जाउमे कोल्बोनी यांनी २१ जून २०२४ रोजी जाहीर केलं, की नोव्हेंबर २०२८ पर्यंत यातला एकही परवाना उरणार नाही. दहा वर्षांत शहरातली घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, असं कारण त्यांनी दिलं. ज्यांना घर हवं आहे त्यांना ती घरं परत मिळाली पाहिजेत, अशी त्यांची भूमिका आहे.

बार्सिलोनाची लोकसंख्या सुमारे १७ लाख. घरं आठ लाखांच्या आसपास. म्हणजे हे १०,१०१ फ्लॅट एकूण घरांच्या जेमतेम सव्वा टक्का भरतात. सव्वा टक्क्याने शहर कसं बदलेल, असा प्रश्न हे फ्लॅट चालवणारे विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी जगाच्या मापाचे आकडे पाहावे लागतील आणि मग एका इमारतीच्या जिन्यात उतरावं लागेल.

१९५० साली जगभरात सीमा ओलांडून परदेशी गेलेल्या पर्यटकांची संख्या अडीच कोटी होती. २०१२ मध्ये तिने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला आणि २०२४ मध्ये ती १४० कोटींवर होती. त्या पाऊणशे वर्षांत जगाची लोकसंख्या तिपटीहून थोडी अधिक झाली, तर पर्यटक छप्पन्न पट झाले. ही वाढ जेट विमानांनी सुरू केली, वाढत्या पगारांनी आणि स्वस्त तिकिटांनी ती चालवली. पण आलेल्या माणसाने रात्री झोपायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर फार काळ बदललं नव्हतं. जमीन घ्या, हॉटेल बांधा, माणसं नेमा. मॅरिऑट कंपनीची सुरुवात १९२७ मध्ये वॉशिंग्टनमधल्या सरबताच्या एका दुकानापासून झाली. हॉटेलांच्या धंद्यात ती पुढे आली आणि आज तिच्या नावाखाली जगभर सुमारे १७ लाख खोल्या आहेत. शंभर वर्षांच्या आसपासचं काम आहे हे.

आता दुसरी गोष्ट. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक परिषद भरली होती आणि हॉटेलं भरून गेली होती. दोन तरुणांना घरभाडं परवडत नव्हतं. त्यांनी दिवाणखान्यात हवा भरायच्या गाद्या टाकल्या आणि रात्रीला ८० डॉलर घेऊन तीन पाहुणे ठेवले. एअरबीएनबीचा जन्म तो. २०२४ च्या अखेरीस या कंपनीच्या यादीवर ८० लाखांहून अधिक जागा होत्या. मॅरिऑटच्या खोल्यांच्या साडेचार पटीहून जास्त, आणि त्यातली एकही वीट कंपनीने रचलेली नाही. प्रत्येक जागेला रस्त्याकडेला दहा मीटर दर्शनी भाग आहे असं धरून त्या एका ओळीत लावल्या, तर ओळ ८०,००० किलोमीटरची होईल. विषुववृत्ताला दोन वेढे. या साऱ्यासाठी कंपनीत काम करणारी माणसं सात हजारांच्या थोडी वर, म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे हजाराहून जास्त घरं. एखाद्या लॉजच्या मालकाला हे प्रमाण सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही.

पैशाचा हिशोब असा. २०२४ मध्ये या एका कंपनीमार्फत सुमारे ८,१८० कोटी डॉलरची आरक्षणं झाली. त्यातले १,११० कोटी कंपनीच्या महसुलात गेले. शंभर डॉलरमधले साडेतेरा. बुकिंग डॉट कॉम त्याहून मोठं. नेदरलँड्समध्ये १९९६ साली सुरू झालेली ही साइट २००५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने १३ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. तीच कंपनी आज बुकिंग होल्डिंग्ज म्हणून ओळखली जाते. २०२४ मध्ये तिचा वर्षाचा महसूल २,३७० कोटी डॉलर होता. खरेदीच्या वेळी मोजलेल्या रकमेइतका महसूल तिला आता साधारण दोन दिवसांत मिळतो. त्या वर्षी तिच्या सगळ्या साइट मिळून ११० कोटींहून अधिक खोली-रात्री विकल्या गेल्या. सेकंदाला पस्तीस. दिवस असो वा रात्र, दिवाळी असो वा नाताळ, दर सेकंदाला पस्तीस.

युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट चार मोठ्या प्लॅटफॉर्मांकडून आकडे घेते. २०२४ मध्ये संघाच्या देशांत या चौघांमार्फत अल्पकालीन भाड्याच्या घरांमध्ये पाहुण्यांनी काढलेल्या रात्री होत्या ८५ कोटी ४० लाख. आदल्या वर्षापेक्षा जवळपास १९ टक्के जास्त. सरासरी काढली तर वर्षातल्या कोणत्याही रात्री युरोपात २३ लाखांहून अधिक माणसं अशा घरांत झोपलेली होती. बार्सिलोनाची सगळी लोकसंख्या, वर आणखी सहा लाख.

हे सगळे आकडे प्रचंड आहेत, पण ते आपल्याला फारसं काही सांगत नाहीत. कोटींच्या घरात गेलेला आकडा माणसाच्या डोक्यावरून जातो. कंपन्याही ते अभिमानाने छापतात, कारण त्या मापावर कोणाचं घर दिसत नाही. म्हणून आता खाली उतरू.

बार्सिलोनाच्या मधोमध एशांपला नावाचा विस्तीर्ण भाग आहे. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ मध्ये त्याचा आराखडा केला. ११३ मीटर बाजूचे चौरस, कापलेले कोपरे, मध्ये रुंद रस्ते. हवा आणि ऊन गरिबालाही मिळावं, हा त्याचा हट्ट होता. शहरातल्या परवानाधारक पर्यटक-फ्लॅटांपैकी जवळजवळ निम्मे आज या एका भागात आहेत. इथली एक इमारत कल्पनेत घ्या. सहा मजले, मजल्यावर दोन फ्लॅट, एकूण बारा. एक जिना, एक छोटी लिफ्ट. बारापैकी चार फ्लॅट पर्यटकांसाठी.

हिशोबासाठी धरू की असा फ्लॅट वर्षातले २७० दिवस भरलेला असतो, एक मुक्काम तीन रात्रींचा आणि एका मुक्कामात तीन माणसं. एका फ्लॅटमध्ये वर्षाला नव्वद मुक्काम झाले. २७० माणसं. स्पेनच्या कायद्यात घरमालक खासगी व्यक्ती असेल तर भाडेकरूला किमान पाच वर्षांचं संरक्षण आहे. तेवढ्या काळात शेजारच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब राहील आणि या एका दारातून १,३५० माणसं ये-जा करतील. चार फ्लॅट धरले तर त्या जिन्यात वर्षाला ३६० नवे मुक्काम येतात. जवळपास रोज कोणी तरी पहिल्यांदाच येतं. रोज कोणी तरी दाराचा कोड चुकीचा दाबतं, रोज पहाटेच्या विमानासाठी कोणाच्या तरी बॅगेची चाकं पायऱ्यांवर आपटतात, रोज चादरींची पोती लिफ्टमध्ये चढतात. यातल्या एकाही पाहुण्याचा दोष नाही. आपल्याला तीन रात्रींची सुट्टी मिळाली आहे, एवढंच त्याला माहीत आहे. उरलेल्या आठ घरांतल्या लोकांना मात्र ओळखीचा चेहरा भेटण्याची शक्यता दर महिन्याला कमी होत जाते. आजारी पडलं तर कोणाचं दार वाजवायचं, मूल शाळेतून लवकर आलं तर किल्ली कोणाकडे ठेवायची, पाण्याची मोटर बिघडली तर सभेला कोण येणार, हे प्रश्न आपल्याकडच्या चाळीत आणि सोसायटीत राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाहीत.

हाच हिशोब शहराला लावा. १०,१०१ फ्लॅट, प्रत्येकी वर्षाला २७० माणसं. सव्वासत्तावीस लाखांपेक्षा जास्त. शहराच्या लोकसंख्येच्या दीडपटीहून अधिक माणसं वर्षभरात त्या सव्वा टक्का दारांमधून आत जातात. सव्वा टक्का हे घरांचं माप झालं, जिन्यावरच्या वर्दळीचं नाही. फ्लॅटवाल्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर सरासरीत दडलं आहे. बार्सिलोनाच्या भाड्यांवर एअरबीएनबीचा परिणाम किती, याचा अभ्यास काही अर्थशास्त्रज्ञांनी केला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वस्तीत भाडं १.९ टक्क्यांनी वाढलं होतं. एवढंच वाचलं तर वाटेल, कशाला एवढा गहजब? पण ज्या दहा टक्के वस्त्यांमध्ये असे फ्लॅट सर्वांत दाट आहेत, तिथे भाडं ७ टक्क्यांनी आणि घरांच्या प्रत्यक्ष विक्रीच्या किमती १७ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. ही वाढ फक्त या एका कारणामुळे झालेली आहे. बाकीची महागाई निराळी. पगार १७ टक्क्यांनी वाढलेला नसतो. शहराच्या सरासरीत न दिसणारी गोष्ट एका गल्लीत कुटुंबाला घर सोडायला लावते, आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर बहुतेक वेळा सरासरीच येते.

याच शहरात एक बसमार्ग आहे, क्रमांक ११६. ला सालूत या चढावरच्या वस्तीतून फिरणारी लहानशी बस. ती वास्तुकार गाउदीच्या पार्क ग्वेल या बागेजवळून जाते. या बागेची कहाणी ऐकण्यासारखी आहे. एउसेबी ग्वेल या उद्योगपतीने १९०० साली श्रीमंतांसाठी टेकडीवर साठ भूखंडांची वसाहत आखली आणि काम गाउदीकडे सोपवलं. भूखंड विकले गेले नाहीत. जागा शहरापासून लांब आणि पोचायला नीट वाहन नाही, ही मोठी अडचण होती. जेमतेम दोन घरं उभी राहिली, त्यातल्या एकात पुढे गाउदी स्वतः राहिला. १९२६ मध्ये ती जागा सार्वजनिक बाग झाली. जिथे साठ घरांना गिऱ्हाईक मिळालं नाही, तिथे आज वर्षाला ४० लाखांहून अधिक माणसं येतात. दिवसाला अकरा हजार. २०१३ पासून मुख्य भागाला तिकीट आहे आणि तासाला किती जणांना आत सोडायचं, यालाही मर्यादा आहे.

ती माणसं ११६ मध्ये चढू लागली, कारण फोन त्यांना तीच बस दाखवत होता. गुगल मॅप्स महिन्याला दोनशे कोटींहून अधिक लोक वापरतात. बाजाराच्या पिशव्या घेऊन चढ चढू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या वस्तीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळेना. तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. शेवटी २०२४ च्या वसंतात महापालिकेच्या विनंतीवरून हा मार्ग नकाशांच्या अ‍ॅपमधून काढून टाकण्यात आला. बस रस्त्यावर होती तशीच धावत राहिली, फोनमधून तेवढी गेली. आणि जागा मिळू लागली. दोनशे कोटी वापरणाऱ्यांच्या नकाशातली एक रेघ पुसली की एका टेकडीवरच्या आजीला बसायला मिळतं. प्लॅटफॉर्मची ताकद याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. वाट दाखवणाऱ्याची जबाबदारी किती मोठी असते, याचा विचार त्या नकाशाच्या रचनेत कुठेच नव्हता. वस्तीला तो करावा लागला.

व्हेनिसबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. १९५१ मध्ये पाण्यातल्या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांखाली घसरला. रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाने २००८ पासून काचेत रहिवाशांच्या संख्येची पाटीच लावली आहे. २०२३ मध्ये तिथल्या एका नागरिक गटाने मोजून दाखवलं, की पर्यटकांच्या खाटा आता रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. २०२४ मध्ये शहराने गर्दीच्या २९ दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांकडून पाच युरो घेतले. सुमारे ४ लाख ८५ हजार लोकांनी ते मुकाट्याने भरले आणि गर्दी काही हटली नाही. ज्या माणसाने विमानाला शेकडो युरो मोजले आहेत, तो पाचासाठी परत फिरत नाही.

छायाचित्रांच्या अ‍ॅपची गोष्ट याहून विचित्र आहे, कारण तिथे पैसे घेणाराही कोणी समोर नसतो. ऑस्ट्रियातलं हालश्टाट हे सातशे-आठशे वस्तीचं तळ्याकाठचं गाव. गर्दीच्या दिवशी तिथे दहा हजार माणसं येतात, एका रहिवाशामागे बारा-तेरा. जपानमध्ये फुजीकावागुचिको गावात एका साध्या दुकानामागे फुजी पर्वत दिसतो. तो फोटो इतका फिरला, की लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहू लागले, समोरच्या दातांच्या दवाखान्याच्या आवारात शिरू लागले. मे २०२४ मध्ये गावाने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळा पडदा लावला. स्वतःचा डोंगर स्वतःच झाकायची पाळी आली, आणि त्या पडद्यालाही लोकांनी भोकं पाडली. पडदा ऑगस्टमध्ये उतरवला.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त चिंता वाटते, तिच्याकडे वळतो. मोजतं कोण? कोणत्या गल्लीत किती घरं भाड्याने जातात, वर्षातल्या किती रात्री, एका मालकाची किती घरं, हे प्लॅटफॉर्मला मिनिटामिनिटाला ठाऊक असतं. महापालिकेला ठाऊक नसतं. वर्षानुवर्षं ही माहिती शहरांना मिळाली नाही. मरी कॉक्स नावाच्या माणसाने ‘इनसाइड एअरबीएनबी’ हा प्रकल्प सुरू केला, कंपनीच्या साइटवर उघड दिसणाऱ्या पानांवरून शहराशहराचे आकडे गोळा केले आणि सगळ्यांसाठी खुले केले. अनेक शहरांतली चर्चा त्या आकड्यांवर उभी राहिली. आता युरोपीय संघाने नियम केला आहे. २० मे २०२६ ही तो लागू होण्याची तारीख. प्रत्येक जागेला नोंदणी क्रमांक आणि प्लॅटफॉर्मकडून सरकारला नियमित माहिती. स्पेनने त्याआधीच मे २०२५ मध्ये नियम न पाळणाऱ्या ६५ हजारांहून अधिक जाहिराती काढून टाकायचा आदेश दिला. त्या देशाची वस्ती ४ कोटी ९० लाख आणि २०२४ मधले परदेशी पर्यटक ९ कोटी ४० लाख, हे लक्षात घेतलं तर घाई समजते.

बंदीने सगळं सुटेल, असं मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून कडक नोंदणी आणली आणि सुमारे २२ हजार अल्पकालीन जागांतल्या बहुतेक यादीवरून गेल्या. भाडी मात्र काही उतरली नाहीत, कारण त्या शहरात घरांचा तुटवडा फार जुना आणि फार खोल आहे. बार्सिलोनातही तसंच होऊ शकतं. शिवाय दुसरी बाजू खरी आहे. २००८ च्या मंदीत नोकरी गेलेल्या कितीतरी स्पॅनिश कुटुंबांनी एक खोली पाहुण्यांना देऊन घराचे हप्ते भरले. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला तो आधार होता. मला फरक दिसतो तो इथे. ज्या घरात मालक स्वतः राहतो आणि एक खोली देतो, तिथे पाहुणा येतो आणि शेजारही टिकतो. ज्या घरातून राहणारा निघून गेला आणि दाराला कोडचं कुलूप लागलं, तिथे फक्त पाहुणा येतो. यादीवर दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात, सारख्याच चौकटीत, सारख्याच ताऱ्यांसह.

आपल्याकडे हा फरक सिंधुदुर्गात अजून डोळ्यांनी दिसतो. तारकर्ली, देवबाग, मालवण भागात पर्यटन महामंडळाच्या न्याहारी निवास योजनेतून कितीतरी घरांनी दोन-चार खोल्या काढल्या. मालकीण स्वयंपाकघरात, मुलगा बोटीवर, पाहुणा ओटीवर. पैसा गावात राहतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर २०१२ मध्ये जागतिक वारशाचा शिक्का बसल्यावर फुलांच्या हंगामात गर्दी उसळली, तेव्हा दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली. तिचं काम आसपासच्या गावांतल्या समित्या वन विभागाबरोबर पाहतात. इथे फोनवरचं आरक्षण गावाच्या बाजूने उभं आहे, आणि कितींना येऊ द्यायचं हे पठार पाहून ठरलं आहे.

गोव्यात चित्र निराळं आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती, २०२४ मध्ये आलेले पर्यटक एक कोटीच्या वर. सात माणसं एका गोवेकरामागे. ही पुन्हा सरासरीच. सत्तरीतल्या एखाद्या गावात यातलं कोणी फिरकत नाही आणि बार्देशच्या किनारी गावांवर सगळा भार पडतो. आसगावसारख्या गावात जुनी घरं परप्रांतीयांनी विकत घेतली, व्हिला झाली, यादीवर चढली. विहिरी, कचरा, अरुंद रस्ते मात्र होते तेवढेच राहिले. पर्यटनाच्या धंद्याची नोंदणी सक्तीची करणारा गोव्याचा कायदा १९८२ चा आहे, म्हणजे स्मार्टफोनच्या कितीतरी आधीचा. त्याच कायद्याखाली प्रत्येक यादीवर नोंदणी क्रमांक छापायला लावता येतो, आणि मालक त्या घरात राहतो की नाही, हेही त्याच्यासमोर लिहायला लावता येतं. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. तलाठी आणि ग्रामसेवक मिळून हे काम एका पावसाळ्यात करू शकतील, गोव्यात आणि सिंधुदुर्गातही. गावात एकूण घरं किती, त्यातली यादीवर किती, आणि यादीवरच्यांपैकी रात्री गावातलं माणूस झोपतं अशी किती. हे तीन रकाने प्रत्येक पंचायतीच्या फलकावर दरवर्षी लागले पाहिजेत, आणि तिसरा रकाना घसरू लागला की ग्रामसभेने नवे परवाने थांबवावेत.